झिंक केलेले १२.९ चे बोल्ट आवळल्यावर दोन दिवसांनी का तुटतात?

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी, सांगली): एम१२, १२.९ ग्रेडचे (फार जास्त ताकदीचे) ॲलन बोल्ट जॉबवर्कला देऊन झिंक करून (जस्ताचं प्लेटिंग करून) आणले. शनिवारी टॉर्क रेंचने आवळले, सोमवारी सकाळी चार बोल्टांची डोकी खाली पडलेली. मशीन बंदच होतं. त्याच लॉटचे काळे (झिंक न केलेले) बोल्ट शाबूत आहेत. दोष मटेरियलचा की प्लेटिंगचा?

उत्तर १: प्लेटिंगचा. टॉर्क जास्त झाला असता तर आवळतानाच तुटले असते. तुटलेलं तोंड भिंगाखाली बघा. डोक्याखालच्या गोलाईपासून आत साखरेसारखा दाणेदार, चकाकणारा भाग आणि पुढे मळकट तंतुमय भाग दिसला, तर हायड्रोजन एम्ब्रिटलमेंटच (हायड्रोजनमुळे स्टील ठिसूळ होणं) समजा.

ॲसिड पिकलिंगमध्ये (ॲसिडने गंज काढताना) आणि झिंकच्या टाकीत बोल्टवर हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुडे होऊन जातो, पण काही अणू स्टीलमध्ये शिरतात. बोल्ट आवळला की ते सर्वाधिक ताणाच्या जागी, म्हणजे डोक्याखाली किंवा पहिल्या आट्याच्या मुळाशी, सरकत जाऊन साठतात आणि ग्रेन बाउंड्री (स्टीलच्या कणांमधल्या सीमा) कमजोर करतात. सरकायला वेळ लागतो, म्हणून तुटणं उशिरा. कमी ताकदीच्या ८.८ ग्रेडला ही भीती जवळपास नाही. ३९ एचआरसीच्या (रॉकवेल सी, हार्डनेसचं म्हणजे कठीणपणाचं माप) वर धोका झपाट्याने वाढतो, आणि १२.९ चा हार्डनेस ३९ ते ४४ असतो.

उत्तर २: प्लेटरला बेकिंग (शिरलेला हायड्रोजन घालवण्यासाठी माल ओव्हनमध्ये तापवणं) लेखी सांगितलं होतं का? नुसतं 'झिंक करा' म्हटलं की बेकिंग होतंच असं नाही. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, जमल्यास तासाभरातच, माल ओव्हनमध्ये जायला हवा. १९० ते २२० अंश, किमान ८ तास, १२.९ ला मी २४ तासच लिहीन. वेळ मोजायचा तो माल तापल्यापासून, ओव्हन लावल्यापासून नाही. पॅसिव्हेशन (झिंकवर द्यायचा रासायनिक संरक्षक थर) बेकिंगनंतर करायचं, आधी केलं तर त्याचा थर तडकतो. आणि गंज ॲसिडने काढण्याऐवजी शॉट ब्लास्टिंगने (बारीक छर्‍यांच्या माऱ्याने) काढायला सांगा, मूळ दुखणंच कमी होतं.

प्रश्नकर्ता: उरलेला लॉट आता बेक केला तर चालेल का?

उत्तर १: नको. पडलेली चीर बेकिंगने सांधत नाही. लावलेले सगळे बोल्ट काढा, आज धड दिसणारेसुद्धा, आणि लॉट स्क्रॅप करा. गंजरोधक थर हवाच असेल तर झिंक फ्लेक (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा रंगासारखा लावायचा थर) घ्या. त्यात इलेक्ट्रोप्लेटिंग नाही, त्यामुळे त्या टप्प्यात हायड्रोजन शिरत नाही. मात्र आधीची सफाई ॲसिडविना झाली पाहिजे. घर्षण बदलतं, तेव्हा टॉर्कही नव्याने ठरवा.