एकलहऱ्याच्या २१०च्या संचांच्या जागी बॅटरी : हो की नाही?

गोदाकाठ (धागा सुरू करणारा)

नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले. त्यांच्या आधीचे दोन लहान संच २०११ मध्ये कायमचे बंद झाले. त्या बदल्यात ६६० मेगावॉटचा नवा कोळसा संच द्या, अशी परिसराची कित्येक वर्षांची मागणी आहे. माझं मत असं की ६६० नको. त्या जागेवर चार तासांची (पूर्ण क्षमतेने चार तास वीज देणारी) बॅटरी उभारा आणि जुने संच एकेक करून निवृत्त करा.

मुळात नाशिकला कोळसा नाही. तो विदर्भातून सहाशे-सातशे किलोमीटर रेल्वेने येतो. या वयाच्या संचाला एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. तिन्ही संच ६० टक्के भारावर चालले तर दिवसाला ९० लाख युनिट होतात आणि त्यासाठी ६,८०० टन कोळसा, म्हणजे रोज जवळजवळ दोन रेक (मालगाड्या). आपल्या कोळशात ३५ ते ४० टक्के राख. म्हणजे रोज अडीच हजार टन दगडमाती आपण भाडं भरून नाशिकला आणतो आणि राखेच्या बंधाऱ्यात टाकतो. पोहोच भाव टनाला ५,००० रुपये धरला तर नुसतं इंधनच युनिटला ३.७५ रुपये पडतं. डिसेंबर २०२४ मध्ये सेकीच्या (केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या) निविदेत २,००० मेगावॉट सौर आणि सोबत १,००० मेगावॉट/४,००० मेगावॉट-तास साठवण असा सगळा मिळून दर ३.५२ रुपये निघाला. तोही २५ वर्षं न वाढणारा.

शिवाय वीज बाहेर काढायची सगळी सोय तिथे आधीच आहे: स्विचयार्ड, उच्चदाब वाहिन्या, ट्रान्सफॉर्मरचे बे (जोडणीच्या जागा), रस्ता, कुंपण, पाणी. नव्या जागी या सोयी उभ्या करायच्या तर जमिनीपासून तारेपर्यंत प्रत्येक परवानगीला दोन-तीन वर्षं जातात.

बॉयलरवाला

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. ३.५२ हा दर सरासरीचा आहे. त्या प्रकल्पात दुपारची बरीचशी वीज बॅटरीत न जाता थेट ग्रिडला जाते, त्या स्वस्त युनिटांनी सरासरी खाली येते. संध्याकाळी सातच्या युनिटाचा खरा भाव त्यात दिसत नाही.

आता चार्जिंग बघा. तिन्ही संचांइतके ६३० मेगावॉट गुणिले चार तास म्हणजे २,५२० मेगावॉट-तास (एक मेगावॉट-तास म्हणजे हजार युनिट). जाता-येता इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि कूलिंगमध्ये १५ टक्के जातात, म्हणून भरायला लागतात साधारण २,९६५. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी १ मेगावॉट सौर पाचेक हजार युनिट देतो, तेव्हा ६०० मेगावॉटचे प्रकल्प फक्त या बॅटरीसाठी राखून ठेवावे लागतील. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकवर आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत आणि उत्पादन निम्म्यावर येतं. मग दुप्पट सौर लावा, नाहीतर अर्धी रिकामी बॅटरी घेऊन संध्याकाळ काढा. कोळशाच्या यार्डात पंधरा दिवसांचा साठा ठेवता येतो. चार तासांच्या बॅटरीत चारच तास मावतात.

दुसरी गोष्ट ग्रिडच्या जडत्वाची. तीन रोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असतात. कुठे लाइन ट्रिप झाली की पहिल्या एक-दोन सेकंदांत फ्रिक्वेन्सीला आधार देतं ते त्यांचं फिरतं वजन. नाशिक हे मोठं भारकेंद्र आहे आणि व्होल्टेज धरून ठेवणारं यंत्र तिथेच लागतं, ते चंद्रपुरात असून भागत नाही.

रिले_४०

जडत्व आणि व्होल्टेज यांवर उपाय आहे, आणि तो त्याच जनरेटरमध्ये आहे. टर्बाइन-जनरेटरमधलं कपलिंग सोडवायचं, जनरेटरचा स्टेटर, रोटर, एक्सायटेशन आणि स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर तसेच ठेवायचे आणि त्याला सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून, म्हणजे वीज न बनवता ग्रिडसोबत नुसतं फिरत ठेवून, चालवायचं. टर्बाइन गेल्यावर रोटरला वेगावर आणायला स्टार्टर लागतो. त्यासाठी लहान मोटर किंवा स्थिर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवतात. एकदा ग्रिडशी जुळला की तो स्वतःच्या तोट्यापुरती, म्हणजे क्षमतेच्या एक-दोन टक्के वीज ग्रिडमधून घेतो आणि बदल्यात रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज धरून ठेवायला लागते ती) आणि शॉर्टसर्किट करंट देतो.

इथे चुका कुठे होतात तेही सांगतो. टर्बाइन काढल्यावर रोटरचा अक्षीय भार झेलायला थ्रस्ट बेअरिंग उरत नाही, ते नव्याने द्यावं लागतं. जनरेटर थंड ठेवणारं हायड्रोजन कूलिंग आणि तो वायू अडवणाऱ्या सील ऑइलची यंत्रणा चालू ठेवावी लागते, म्हणजे त्यातली माणसंही. आणि टर्बाइनचं वजन गेल्यामुळे जडत्व मूळच्यापेक्षा बरंच कमी होतं. कमी पडलं तर फ्लायव्हील जोडतात. हे सगळं संच भंगारात निघण्याआधी ठरवायला हवं. निविदा भंगाराची निघाली की जनरेटर तांब्याच्या भावाने जातो.

विजेचा_हिशेब

संध्याकाळच्या युनिटाचा भाव इथेच काढून बघू.

बॅटरीचं भाडं मेगावॉटला महिन्यामागे ठरतं. २०२२ मध्ये सेकीच्या निविदेत ते १०.८४ लाख होतं. २०२४च्या अखेरीपासून दोन तासांच्या बॅटरीला केंद्राच्या अनुदानासह २ ते २.५ लाखांच्या पट्ट्यात दर आले. २.२ लाख धरा. १ मेगावॉट गुणिले दोन तास, दिवसाला एक चक्र (एकदा भरून रिकामी), महिन्याला ३० दिवस, उपलब्धता ९५ टक्के: ५७,००० युनिट. म्हणजे साठवणुकीचे ३.८६ रुपये. चार्जिंगची वीज ३ रुपयांची, १५ टक्के तोटा धरून ३.५३. बेरीज ७.३९. दिवसाला दोन चक्रं झाली तर साठवण १.९३ वर येते आणि बेरीज ५.४६.

आता नवा ६६०. मेगावॉटला ९ कोटी धरा आणि त्यावर कर्ज, परतावा, घसारा मिळून वर्षाला १४ टक्के. ८५ टक्के भारावर स्थिर खर्च १.७० रुपये, इंधन ३.१०, एकूण ४.८०. पण रोज दुपारी सौरामुळे त्याला खाली दाबावं लागणार. वर्षाची सरासरी ५० टक्क्यांवर आली की स्थिर खर्च २.८८ होतो आणि युनिट सहा रुपयांना पडतं. बांधायला किमान पाच वर्षं. बॅटरी दीड वर्षात उभी राहते.

म्हणून वाद एवढ्यावर येतो की बॅटरीला दुसरं चक्र मिळतं का आणि ६६०ला दुपारी काम उरतं का. माझ्या मते ६६०चं दुपारचं काम दर वर्षी कमी होत जाणार.

बॉयलरवाला

दुसरं चक्र करारात लिहिलंय म्हणून फुकट मिळत नाही. सेल चक्रांनी झिजतात. रोजच्या एका चक्राने वर्षाला दोन-अडीच टक्के क्षमता जात असेल तर रोजच्या दोन चक्रांत जास्त जाईल. करारात बाराव्या वर्षी किती क्षमता हवी आणि मधे नवे कंटेनर कुणाच्या खर्चाने घालायचे, हे वाचल्याशिवाय २.२ लाखांना अर्थ नाही.

आणि "कोळसा खाली दाबू" हे सगळे सहज म्हणतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांनुसार कोळसा संचाने ४० टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे. २१०च्या संचाला ते ८४ मेगावॉट. त्या भारावर कोळसा दळणाऱ्या दोन-तीनच मिल चालतात, भट्टीतली ज्योत पातळ होते, फ्लेम स्कॅनरला ती दिसेनाशी झाली की बॉयलर ट्रिप. म्हणून तेल फवारणाऱ्या ऑइल गन लावाव्या लागतात, म्हणजे सर्वांत महाग इंधन सर्वांत स्वस्त विजेच्या वेळी जाळायचं. रिहीटची (पुन्हा तापवलेली) वाफ थंड पडते, एलपी (कमी दाबाच्या) टर्बाइनच्या शेवटच्या ओळीच्या पात्यांवर ओलसर वाफेचे थेंब आपटून पाती झिजतात. संच रोज बंद-चालू केला तर आणखी वाईट: गरम इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी असलेल्या जाड नळात, इनलेट हेडरमध्ये, गार फीडवॉटर शिरतं आणि जाड धातूला छिद्रांच्या मधल्या पट्टीत केसासारखी चीर पडते. ती आज दिसत नाही. दोन वर्षांनी ट्यूब लीकेज म्हणून दिसते आणि संच तीन-चार दिवस जातो.

गोदाकाठ

हे तर माझ्याच बाजूने आहे. पंचेचाळीस वर्षांच्या बॉयलरला रोज असा ताण देण्यापेक्षा तो सन्मानाने थांबवा. चंद्रपूर २,९२० मेगावॉटचं आहे, खाणींच्या शेजारी. कोराडीला ६६०चे तीन संच आहेत. ढगाळ आठवड्यात ते पूर्ण भारावर घ्या. कोळसा उद्याच शून्य करा असं मी म्हणत नाही, खाणीपासून लांबचा आधी बंद करा म्हणतो.

पावसाळ्याचंही पूर्ण चित्र बघा. जून ते ऑगस्टमध्ये सौर निम्म्यावर येतं, पण सातारा, सांगली, धुळ्याकडे वाऱ्याचे तेच तेजीचे महिने. शेतीपंप बंद असतात, एसी कमी असतात. राज्याला ताण येतो मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हा आकाश स्वच्छ असतं.

पंप_आणि_फीडर

सगळे संध्याकाळच्या मागणीला धरून बसलेत. आधी रात्रीची शेतीची मागणी दिवसा न्या, ती सर्वांत स्वस्त साठवण आहे. पाणी विहिरीतून शेतात दुपारी गेलं काय, रात्री दोनला गेलं काय, पिकाला सारखंच. दारं धरणाऱ्या माणसाला सारखं नाही. विंचू-सापाची, बिबट्याची भीती रात्रीचीच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याचसाठी आहे. उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प, दर ३ रुपयांच्या आसपास, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. अडचण आहे ती उपकेंद्रात. ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणि ११ केव्ही बसवर ५ मेगावॉट सौर. पंप चालू असतात तोवर ठीक. पाऊस पडून गेला, ऊन पडलं, पंप बंद, की सगळी वीज उलटी ३३ केव्हीवर चढते. व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं, इन्व्हर्टर आपोआप सुटतात आणि फुकटची वीज वाया. ३३ केव्ही लाइन नादुरुस्त असेल तर भर उन्हात अख्खा प्रकल्प बसून. बॅटरीची पहिली गरज मला तिथे दिसते: प्रत्येक अशा उपकेंद्रात एक-दोन कंटेनर. एकलहऱ्यात एकगठ्ठा पाचशेच्या वर कंटेनर नंतर.

जलविद्युत_घाट

डोंगर विसरू नका. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र (स्वस्त विजेवर पाणी वर चढवून गरजेला खाली सोडणारं) २००८ पासून आहे, भिऱ्याला १५० मेगावॉटचं. कोयना १,९६० मेगावॉटची, पण पश्चिमेला वळवायचं पाणी लवादाने ६७.५ टीएमसीला बांधलंय, म्हणून ती पूर्ण क्षमतेने दिवसाला सरासरी चार-पाच तासच चालू शकते. उदंचनाला एकदा भरलेलं पाणी पुरतं आणि यंत्रं पन्नास वर्षं टिकतात. किंमत आहे ती सह्याद्रीतल्या जंगलाची आणि पाच-सात वर्षांच्या बांधकामाची.

सेफ्टी_फर्स्ट

एकलहऱ्यात बॅटरी आली तर एक गोष्ट कृपा करून करू नका: रिकाम्या टर्बाइन हॉलमध्ये ती मांडू नका. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला नेमकं तेच केलं होतं आणि १६ जानेवारी २०२५ ला तिथे आग लागली. एका छताखाली हजारो सेल, तेही निकेल-मँगनीज-कोबाल्टचे. एकाने पेट घेतला की शेजाऱ्याला वाचवायला अंतरच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, उघड्यावर, कंटेनरांमध्ये किमान तीन मीटर मोकळे. वायू बाहेर पडायला वर झाकण हवं, दारातून ज्वाला येता कामा नये. २० फुटी कंटेनर ५ मेगावॉट-तासाचा आणि चाळीस टनांचा असतो. राखेने भरलेल्या जमिनीवर पाइलशिवाय ठेवला तर एक कोपरा खचतो आणि केबलची ग्लँड ताणते.

साइडिंग_गेट

एवढ्या कंटेनरांना किती माणसं लागतात? पाळीला दहा-पंधरा. आज साइडिंगवर (कोळशाच्या गाड्या उतरतात तिथे), मिलमध्ये, राखेच्या लाइनवर शेकडो हात आहेत आणि बहुतेक कंत्राटी. कायम कामगाराची बदली होते. कंत्राटीचं काय? कंत्राटदार बदलला की गेटपास नवा, हजेरीपट नवा आणि वीस वर्षांची नोकरी कागदावर एका वर्षाची. म्हणून लोक ६६० मागतात. ते कोळशाच्या प्रेमात नाहीत. संच बंद करण्याच्या आदेशाआधी पीएफच्या यूएएन क्रमांकावरून प्रत्येकाची खरी सेवा मोजून यादी लावा. राखेचा बंधारा बंद करणं, त्यावर माती टाकणं, झाडं लावणं हे दहा वर्षांचं काम आहे. २०२२च्या जुलैत कोराडीजवळ खसाळ्याचा राख तलाव फुटून शेतांत राख गेली. संच बंद झाला तरी बांधाला पहारा लागतोच. ते काम या यादीतल्या लोकांना द्या, मग बॅटरीला कुणी आडवं येणार नाही.

बॉयलरवाला

ही अट असेल तर एक संच आधी बंद करायला माझी हरकत नाही. जनरेटर कंडेन्सर म्हणून ठेवा, त्याच्या बेवर २१० मेगावॉटची चार तासांची बॅटरी जोडा, बाकीचे दोन संच चालू राहू द्या. परीक्षा मेमध्ये घेऊ नका, तेव्हा सगळंच सोपं असतं. जानेवारीतल्या सकाळी सहा ते आठ घ्या. गिझर, पाणीपुरवठ्याचे पंप, गिरण्या, सगळं एकदम सुरू, आणि सौर शून्य.

विजेचा_हिशेब

तेच तुमचं दुसरं चक्र. रात्री एक ते पाच राज्याची मागणी पडते आणि चंद्रपूर-कोराडीचे संच दाबावे लागतात. तेव्हा भरा, सहाला सोडा, आठला रिकामी, दहापासून सौरावर पुन्हा भरा. चार तासांच्या बॅटरीतले दोनच तास सकाळी वापरले तर रोजची दीड चक्रं होतात. युनिटमागे साठवण २.५७ आणि बेरीज ६.१०. तुमच्या ५० टक्क्यांवरच्या ६६०पेक्षा दहा पैसे महाग, आणि साडेतीन वर्षं आधी.