मंगळवारी लशीला कोण कोण येतंय?

रविवार, ४ एप्रिल २०२१. पुण्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप.

बी-१०२, सचिव (सकाळी ९.१०)
नमस्कार मंडळी. १ तारखेपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाची लस मिळते आहे, आजाराचा दाखला लागत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात मोफत, खासगीत २५० रुपये. मंगळवारी सकाळी एकत्र जाऊ. पीएमपीच्या बस बंद आहेत, म्हणून माझी आणि ए-२०१ ची गाडी काढतो. कोण कोण येणार, फ्लॅट नंबर टाका.

बी-४०१
आम्ही दोघं.

सी-५०३
दादा, जरा थांबा. सकाळपासून मेसेज फिरतोय की जर्मनीने ही लस थांबवली, रक्तात गुठळ्या होतात म्हणून. माझा लशीला विरोध नाही. पण आई-बाबा दोघंही साठीच्या पुढचे आहेत. खरं-खोटं कळल्याशिवाय मी त्यांना गाडीत बसवणार नाही.

ए-३०४, आजोबा
माझं नाव धरू नका. वय ७४. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. गुठळी होऊ नये म्हणून रोज दोन गोळ्या घेतो. मग गुठळी करणारं इंजेक्शन कशाला घेऊ? मी घरातच असतो.

बी-४०१
पण तिकडची लस ॲस्ट्राझेनेकाची ना? आपली कोविशील्ड वेगळी.

ए-२०१
वेगळी नाही. लस तीच, ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची. आपल्याकडे ती पुण्याजवळ मांजरी गावात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. उगाच वेगळी आहे म्हणून कुणाची समजूत घालू नका.

डी-२०२, काकू (९.५५)
माझी मुलगी म्युनिकला आहे, आत्ताच तिच्याशी बोलले. जर्मनीने १५ मार्चला थांबवली होती हे खरं. चार दिवसांनी परत सुरूही केली. मग ३० मार्चला नियम बदलला, तो असा की ही लस आता मुख्यतः ६० च्या पुढच्यांना द्यायची. गुठळ्यांच्या केसेस कमी वयाच्या लोकांत, जास्त करून बायकांत दिसल्या म्हणून. म्हणजे सी-५०३, तुझ्या आई-बाबांच्या वयाच्या लोकांना तिकडे आज तीच लस देतायत.

सी-५०३
मेसेजमध्ये पहिलं अर्धंच आहे मग. काकू, थँक्यू. मी तो अजून तीन ग्रुपवर टाकला होता, तिकडेही हे लिहितो.

ए-२०१
ब्रिटनचा आकडाही कालच आलाय. १ कोटी ८१ लाख डोस दिले, त्यात अशा गुठळ्या ३० जणांना, त्यातले ७ जण गेले. सात माणसं गेली हे लपवायचं कारण नाही. पण आपल्या एका बिल्डिंगमध्ये गेल्या पंधरवड्यात किती जण पॉझिटिव्ह आले ते आठवा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.

ए-१०१, काकू (१०.४०)
वाचायला जरा वेळ द्या, लांब लिहितेय. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेत एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होते, आयुष्य लशी टोचण्यात गेलं.

आजोबा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. युरोपात जे दिसलं त्यात प्लेटलेट कमी होतात आणि गुठळी बऱ्याचदा मेंदूच्या शिरेत होते. स्टेंटमध्ये होणारी गुठळी ती ही नव्हे. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. उद्या तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, दोन्ही गोळ्यांची नावं वाचून दाखवा आणि लस घेऊ का ते थेट त्यांना विचारा. गोळ्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, लोक ही चूक करतायत. केंद्रावर सिस्टरला आधीच सांगायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती बारीक सुई घेईल. नंतर जागा चोळायची नाही, नुसती दाबून धरायची.

आणि तुम्ही घरात असता म्हणता, पण तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई चार घरं करून येतात.

मी मार्चमध्ये पहिला डोस घेतला. रात्री अंग मोडून आलं, १०१ ताप, पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी दुपारी उठून स्वयंपाक केला. दंड तीन दिवस दुखला. दुसरा डोस आता सहा ते आठ आठवड्यांनी द्यायचा असं ठरलंय, तोवर मास्क काढलेला नाही आणि नंतरही काढणार नाही.

अजून एक. काल कुणीतरी लिहिलं की वॉचमनमामांना सांगून उपयोग नाही, अडाणी माणूस आहे. मला ते फार लागलं. नोकरीच्या सुरुवातीला मीही असंच बोलायचे. त्रिगुणी लस घेऊन वाडीवर गेलं की बायका पोरांना घेऊन मागच्या दाराने शेतात जायच्या. मी चिडायचे. एका बाईने एकदा सरळ सांगितलं, बाई, तू टोचून जातेस, रात्री पोर तापतं, उद्या मी खुरपायला गेले नाही तर मुकादम दुसरी आणतो. त्या दिवसापासून मी खुरपणीच्या दिवसांत तिकडे जाणं सोडलं आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जायला लागले, कारण बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी. पोरं मिळायला लागली.

म्हणून काल संध्याकाळी मी मामांशेजारी जाऊन बसले आणि विचारलं. वय ५२. लशीची भीती नाही त्यांना. म्हणाले, ताप आला तर दोन ड्युट्या बुडतील, एजन्सी पैसे कापते. आणि आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे, तो गावी.

बी-१०२, सचिव
काकू, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काल ते मीच लिहिलं होतं. चुकलंच माझं, मामांशी बोलतो. दोन ड्युट्यांचे पैसे सोसायटीने द्यावेत असं मी मांडतो. मामा आणि झाडायला येणाऱ्या मावशी, दोघांनाही. बदली माणसाचा खर्च वेगळा.

बी-४०१
ते एजन्सीचं काम आहे ना? पायंडा पडेल.

डी-२०२, काकू
पडू दे. गणपतीच्या फंडात गेल्या वर्षीचे पैसे तसेच पडून आहेत.

बी-४०१
ठीक. माझी हरकत नाही.

सी-५०३
कोविनवर, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, एका नंबरवर चार जणांची नोंदणी होते. मामा, मावशी आणि आई-बाबा, चौघांचं माझ्या मोबाइलवर करतो. ओटीपी माझ्याकडेच येईल, मुलाच्या नंबरची गरज नाही. आधार नसेल तर मतदान कार्ड चालतं.

बी-३०३
मला कोरोना होऊन तीन आठवडे झालेत. मी येऊ का?

ए-१०१, काकू
अजून नको. बरं झाल्यावर चार ते आठ आठवडे थांबायचं. तुमचं मेच्या सुरुवातीला बघू.

ए-३०४, आजोबा (संध्याकाळी ७.२०)
डॉक्टरांना उद्यावर ठेवलं नाही, आजच फोन केला. दोन्ही गोळ्या चालू ठेवून घ्या म्हणाले. आमची ही म्हणते तुमच्याबरोबर तीही येते. फाइल काढून ठेवली आहे. टोचल्यावर तिथे अर्धा तास बसावं लागतं ना? खुर्च्या आहेत का? मला उभं राहवत नाही.

बी-१०२, सचिव
मी सकाळी जाऊन बघून येतो. नसतील तर क्लब हाउसमधल्या दोन फोल्डिंगच्या डिकीत टाकतो.

ए-१०१, काकू
आजोबा, उपाशीपोटी येऊ नका, नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या घेऊन या. आणि सदरा अर्ध्या बाह्यांचा घाला.