शब्दचर्चा: व्हेपोरायझरमधून निघते ती वाफ, धूर की आणखी काही?

विचारणारी

टेबलावर ठेवून वापरायच्या व्हेपोरायझरांची (गांजा न जाळता नुसता तापवणारी यंत्रं) तुलना करणारा एक लांबलचक मजकूर मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय. काही यंत्रं गांजाच्या फुलांसाठी, काही कॉन्सन्ट्रेटसाठी, म्हणजे त्यातून काढलेल्या घट्ट सारासाठी, काही दोन्हींसाठी. (जिथे हे सगळं रीतसर परवानगीने किंवा औषधोपचारासाठी चालतं, तिथल्या वाचकांसाठी आहे. कायद्यावर वाद नको, शब्दांवर हवा तेवढा घाला.)

माझ्या हाती आला तो यंत्राने केलेला कच्चा मसुदा. पहिलंच वाक्य: "फुले आणि एकाग्रतेसाठी सर्वोत्तम डेस्कटॉप बाष्पक." मला वाटलं, फुलं वाहून, मन एकाग्र करून संगणकापुढे बसायचंय. पुढे "ज्वालामुखी २३० अंशांपर्यंत तापतो". तो ज्वालामुखी म्हणजे व्होल्कॅनो, जर्मनीतल्या टुटलिंगेनच्या स्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं शंकूच्या आकाराचं यंत्र, २००० साली बाजारात आलेलं. विशेषनामाचं भाषांतर करू नये एवढं मलाही कळतं. पण त्याच परिच्छेदात तीनदा "धूर" आलाय, दोनदा "वाफ" आणि एकदा "बाष्प". तिन्ही एकच का? आणि यंत्राला काय म्हणू?

भौतिकशास्त्राचे मास्तर

धूर आधी खोडा. तिन्ही ठिकाणी. ही यंत्रं बनवण्यामागचा सगळा खटाटोप धूर होऊ नये म्हणूनच आहे. धूर म्हणजे ज्वलन, निदान अर्धवट ज्वलन. झुरका घेताना सिगारेटचा निखारा ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. व्हेपोरायझर साधारण १६० ते २३० च्या पट्ट्यात चालतो, त्याच्या फार वर गेलात की फूल करपायला लागतं. त्या पट्ट्यात फुलातली हवी ती द्रव्यं निघून येतात, पाला जळत नाही. तुमच्या मसुद्यातलं "थंड धूर" म्हणजे "कोरडा पाऊस".

आता बाष्प. किटली उकळताना तिच्या चोचीकडे नीट बघा. चोचीला लागूनच अर्धा बोट जागा रिकामी दिसते, पांढरं लोट त्याच्या पुढे सुरू होतं. ती रिकामी दिसणारी जागा म्हणजे खरं बाष्प, ते दिसतच नाही. पांढरं दिसतं ते थंड झालेले बारीक थेंब, म्हणजे जातीने धुकं. व्हेपोरायझरच्या नळीतून दिसतो तो ढगही असाच, थेंबांचा. तेव्हा काटेकोर बोलायचं तर तो धूर नाही आणि बाष्पही नाही.

विचारणारी

मास्तर, म्हणजे "धुकं" लिहू? "यंत्रातून दाट धुकं येतं"? वाचणारा घाटात गाडी चालवायला लागेल हो.

जुने शब्द जमवणारा

धुकं कशाला, "वाफ" आहे की. बाष्प आणि वाफ हे सख्खे, संस्कृत बाष्प, प्राकृतात बप्फ, मराठीत वाफ. पण घर बदललं की स्वभाव बदलतो. बाष्प शाळेत गेलं आणि न दिसणारं झालं. वाफ घरीच राहिली, ती दिसते, चटका देते, चष्म्यावर बसते. मास्तर म्हणतात ते थेंबांचं लोट म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातली वाफ. आणि वाफेला पाणीच लागतं असंही नाही, आपण तोंडाची वाफ दवडतोच की.

"वाफारा" हाही विचार करण्यासारखा शब्द. सर्दीत डोक्यावरून पांघरूण घेऊन घेतो तो. हुंगायची, ओढून घ्यायची वाफ, असा नेमका अर्थ त्यात आधीपासून बसलाय.

यंत्र वापरणारा

वाफारा नको. मी दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने हे यंत्र वापरतो, परदेशात. वाफारा म्हटलं की माणूस भांड्यात पाणी ओतणार. ह्या यंत्रात पाणी घालायचं नसतं, आणि वाफ इतकी कोरडी असते की घसा खरवडतो. म्हणून तर बरेच जण मधे पाण्याचं काचपात्र जोडतात.

जुने शब्द जमवणारा

हरलो. पण त्या काचपात्राला "गुडगुडी" म्हणा. शब्द तयार आहे, आवाजासकट.

विचारणारी

गुडगुडी घेतली! आता यंत्राचं नाव. "बाष्पक", "बाष्पित्र", "वाफयंत्र" असे तीन पर्याय माझ्या वहीत आहेत.

भौतिकशास्त्राचे मास्तर

बाष्पित्र गेलेलं आहे, तांत्रिक मराठीत तो बॉयलर. कारखान्याचा भोंगा ऐकू येईल. व्हेपोरायझरच ठेवा, पुल्लिंगी. रिमोट, मिक्सर, गीझर चालतात तर हा का नको.

यंत्र वापरणारा

फक्त त्याचं लघुरूप "व्हेप" करू नका. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१४ चा वर्षाचा शब्द म्हणून "व्हेप" निवडला खरा, आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचा जुना वापर १९८३ च्या एका लेखात सापडला, जेव्हा असं उपकरण फक्त कल्पनेत होतं. पण आज व्हेप म्हटलं की लोकांपुढे द्रव भरलेली ई-सिगारेट येते. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली तिच्यात २,८०० वर लोक रुग्णालयात गेले, ६८ दगावले. ती मुख्यतः टीएचसीच्या (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) भेसळयुक्त कार्ट्रिजांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडली गेली. सुकं फूल तापवणारं टेबलावरचं यंत्र ही वेगळी गोष्ट. एकच शब्द दोन्हींना लावला तर एकाची भीती किंवा एकाची खात्री उगाच दुसऱ्याला चिकटते. वाफ म्हणजे निरुपद्रवी असंही माझं म्हणणं नाही, फक्त गोष्टी वेगळ्या आहेत.

विचारणारी

पटलं. "डेस्कटॉप"चं काय? मराठीत तो संगणकाने कधीच बळकावलाय.

जुने शब्द जमवणारा

बैठा. बैठं काम, बैठे खेळ, बैठी चाळ. बैठा व्हेपोरायझर आणि हातातला व्हेपोरायझर. एका जागी बसतो, वीज भिंतीतून घेतो, खिशात जात नाही. अख्खी व्याख्या दोन अक्षरांत.

भौतिकशास्त्राचे मास्तर

बैठा म्हणजे बुटका असंही वाटेल. पण काम भागतंय, माझी हरकत नाही.

विचारणारी

मला तर फारच आवडला. "फूल" हा शब्द मात्र छळतोय. "गांजाची फुले" लिहिलं की वाचणारा गोंधळतो, नुसतं "फुले" लिहिलं तर हार गुंफायचाय की काय असं वाटतं.

जुने शब्द जमवणारा

"गांजाची फुलं" म्हणजे पिवळा पीतांबर आहे. एकाच झाडाचे आपल्याकडे तीन शब्द, आणि तिन्ही नेमके: पानं ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि त्यावरची चिकट राळ काढली की चरस. इंग्रजीला जिथे "फूल" असं वेगळं सांगावं लागतं, तिथे आपला "गांजा" आधीच फुलावर बोट ठेवून उभा आहे.

विचारणारी

होता. आता बातम्यांत "गांजाची झाडं उपटली" असंच येतं, म्हणजे गांजा अख्ख्या झाडाचा झाला. जुना अर्थ बरोबर असला तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात तो उरलेला नाही. मी पहिल्यांदा "गांजा, म्हणजे सुकवलेला फुलोरा" असं लिहून पुढे "फुलोरा"च वापरते. चालेल?

जुने शब्द जमवणारा

फुलोरा उत्तम. पीतांबर परत घडी करून ठेवतो.

विचारणारी

आणि कॉन्सन्ट्रेट? "एकाग्रता" सोडून काहीही.

भौतिकशास्त्राचे मास्तर

पाठ्यपुस्तकात "संहत" आहे, संहत आम्ल, विरल आम्ल. पण ते विशेषण. "संहत तापवा" कोणी म्हणणार नाही.

जुने शब्द जमवणारा

"अर्क" म्हणा. एखाद्या कार्ट्याबद्दलही आपण म्हणतो, "अर्क आहे नुसता."

यंत्र वापरणारा

कार्टं राहू द्या, पण अर्क म्हणजे मूळ अर्थाने ऊर्ध्वपातनाने काढलेला. कॉन्सन्ट्रेटमध्ये तसा एक प्रकार आहे, डिस्टिलेट, त्याला अर्क शोभेल. पण रोझिन हे नुसत्या उष्णतेने आणि दाबाने पिळून काढतात, त्यात ऊर्ध्वपातन नाही की द्रावक नाही. दुसरे काही ब्यूटेनसारख्या द्रावकाने काढतात. आणि तुमचा चरस? तोही कॉन्सन्ट्रेटच. सगळ्यांवर छत्री धरेल असा शब्द हवा.

जुने शब्द जमवणारा

मग "सत्त्व". गुळवेलीचं सत्त्व म्हणतोच. काढण्याची रीत कोणतीही असो, पाला मागे राहिला आणि सार हातात आलं की ते सत्त्व.

विचारणारी

सत्त्व. पोताची नावं मी शब्दशः करणार नाही. काचेसारखं तुकडे पडणारं, मेणासारखं, लोण्यासारखं, भुसभुशीत, एवढं पुरे. आता खरी अडचण. मजकुरात कंडक्शन आणि कन्व्हेक्शन यांच्यावर दोन पानं आहेत. शाळेतलं "वहन" आणि "अभिसरण" लिहिलं तर वाचणारा झोपेल.

यंत्र वापरणारा

इथे मराठी क्रियापदांना कामाला लावा. वहनाच्या यंत्रात फुलोरा तापलेल्या भांड्याला टेकलेला असतो. टेकलेला भाग आधी भाजतो, मधला कच्चा राहतो, म्हणून मधे थांबून परतावं लागतं. अभिसरणाच्या यंत्रात गरम हवा फुलोऱ्यातून आरपार जाते, तो सगळीकडून सारखा शेकतो. दोन्हींत चुकलं की करपतो. चार क्रियापदांत दोन पानं बसतात.

माझ्याकडे पंख्याने हवा ढकलणारं यंत्र आहे. वरच्या छोट्या भांड्यात जाळी, जाळीवर बारीक केलेला फुलोरा, त्यावर झडप असलेला लांब फुगा. कळ दाबली की आधी चुरगळून पडलेला फुगा हळूहळू उभा राहतो, सरळ होतो, आत दुधी रंग चढत जातो. भरला की झडपेसकट काढून घ्यायचा आणि निवांत, आपल्या सवडीने घ्यायचा. दम्याच्या, अशक्त माणसाला हे सोपं, कारण ओढायला जोर लागत नाही. नळीच्या यंत्रात मात्र हवा आपल्याच श्वासाने ओढावी लागते. जोरात ओढली तर भांडं थंड पडतं आणि वाफ पातळ होते. सावकाश, लांब ओढ हवी. २०१९ च्या व्होल्कॅनो हायब्रिडमध्ये फुगा आणि नळी दोन्ही आहेत. कॅनडातल्या अरायझरच्या एक्स्ट्रीम क्यूमध्येही दोन्ही. तुलनेत "कोणता चांगला" यापेक्षा "फुगा हवा की नळी" हाच माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा.

भौतिकशास्त्राचे मास्तर

पंख्याने ढकललेली हवा म्हणजे "सक्तीचं अभिसरण". नका लिहू, मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही एवढंच.

पण एक महत्त्वाचं. असल्या मजकुरात एक तक्ता हमखास असतो: टीएचसीचा "उत्कलनबिंदू १५७ अंश" वगैरे. मराठीत उत्कलन आणि बाष्पीभवन हे वेगळे शब्द आहेत, तो फरक इथे वाचवा. दोरीवरचे कपडे उकळून वाळत नाहीत. द्रव्य उत्कलनबिंदूच्या कितीतरी खालीच उडायला लागतं, तापमान वाढेल तसं अधिक वेगाने. टीएचसीचा तो आकडा कमी दाबाखाली मोजलेला, साध्या हवेच्या दाबाला लागू नाही. तेव्हा "१५७ ला टीएचसी उकळतो" असं छापू नका. "कमी अंशावर हलकी, सुगंधी द्रव्यं आधी उडतात, वर गेलं की वाफ दाट आणि घशाला बोचरी होते", एवढं खरं आहे आणि उपयोगाचंही.

विचारणारी

तक्ता अगदी तसाच आहे, दशांश चिन्हासकट. मूळ लेखकाला कळवते. आता क्रियापद: गांजा "ओढतात", भांग "पितात". व्हेपोरायझर?

जुने शब्द जमवणारा

नळी असेल तर ओढणे, झुरका घेणे. चिलमीचे शब्द इथे अर्धे चालतात. चिलमीच्या बुडाशी खडा असतो, तसं इथे जाळी. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळतात ती छापी, तिचं काम इथे गुडगुडी करते. फुगा असेल तर मात्र नुसतं "वाफ घेणे".

यंत्र वापरणारा

सत्त्वाची यंत्रं वेगळी. सत्त्व जाळीवर ठेवलं तर वितळून खाली ओघळतं आणि तापणारा भाग चिकट करून टाकतं. म्हणून फुलोऱ्याच्या यंत्रात ते स्टीलच्या बारीक तारांच्या चकतीत मुरवून ठेवतात. खास सत्त्वाच्या यंत्रात क्वार्ट्झची किंवा सिरॅमिकची वाटी असते, तीच तापते, आणि थेंबभर सत्त्व तिच्यात टाकायचं. दोन्ही कामं करणारी यंत्रंही आहेत, पण मला तरी ती दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखी वाटतात.

विचारणारी

शेवटचं. फुलोरा वापरून झाल्यावर भांड्यात तपकिरी काहीतरी उरतं. मसुद्यात "राख" आहे.

भौतिकशास्त्राचे मास्तर

राख कशी? जळलंच नाही तर राख कुठली.

जुने शब्द जमवणारा

चोथा! रस काढून घेतल्यावर उरतो तो. आणि सत्त्वाच्या वाटीला, नळीला आतून जे बसतं तो चिकटा.

विचारणारी

किती सरळ होतं. तर सुरुवात अशी झाली: "बैठ्या व्हेपोरायझरमध्ये फुलोरा जळत नाही, शेकतो. निघते ती वाफ, उरतो तो चोथा." "चोथा फेकून द्यावा" असं पुढे आहे.

यंत्र वापरणारा

तिथे जरा थांबा. चोथ्यात टीएचसी काही प्रमाणात शिल्लक असतं, आणि ते तापून गेलेलं असल्यामुळे नुसतं खाल्लं तरी चढतं. मुलांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी लागेल अशा उघड्या कचऱ्यात तो टाकू नये, ही सूचना मूळ मजकुरात असेल तर ती गाळू नका. नसेल तर लेखकाला तक्त्याबरोबर हेही कळवा.