पुरात वीज तोडणं हा कामचुकारपणा नाही, उशिरा तोडणं हा आहे

तारेखालचा

दोन दिवस एक पोस्ट आपल्या सगळ्या गटांतून फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: "नदीनं इशारा पातळी गाठली की वीजवाले पहिलं काम काय करतात, तर खटका पाडून मोकळे होतात. पुरात 24 तास वीज चालू ठेवणं कायद्यानं बंधनकारक करा, नाहीतर रोजचा दंड लावा." लोक वाचतायत आणि पुढं ढकलतायत. उद्या हीच मागणी निवेदनात जाईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

डीपीची, म्हणजे गल्लीतल्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खांबांवरची फ्यूजची पेटी जमिनीपासून तीन-चार फुटांवर असते. पाणी पेटीत शिरलं तरी फ्यूज उडत नाही. पाण्यातून गळणारा करंट फार तर काही अँपिअरचा, आणि पेटीतली फ्यूजची तार शंभर-दीडशे अँपिअरला वितळणारी. माणसाच्या छातीतून 30 मिलीअँपिअर गेला तरी जीवावर बेततं. म्हणजे फ्यूजच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं आणि गल्लीतल्या पाण्यात मरण पसरलेलं असतं.

आता तारेची उंची बघा. शेतातून जाणारी 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) उघडी तार नियमानं जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे पंधरा फूट. शेतात दहा फूट पाणी चढलं की पाणी आणि तार यांच्यात पाचच फूट उरतात. होडीत उभ्या माणसाचं डोकं तिथं पोचतं, हातातला ओला बांबू त्याच्याही आधी. कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीतनं, शिरोळच्या गावांतनं लोक होडीनंच बाहेर काढतात. त्यांच्या डोक्यावरची तार चालू ठेवायचा कायदा मागताय?

आणि एबी स्विच, म्हणजे तिन्ही तारा एकदम तोडायचा खांबावरचा खटका. त्याचं हँडल खांबाला साधारण कमरेच्या उंचीवर असतं. पाणी कमरेला लागल्यावर तो पाडायला जो जाणार, तो पाण्यात उभा राहूनच पाडणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की वीज कधी तोडायची हे जुलैत फोनवर ठरू नये, मे महिन्यात कागदावर ठरावं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण आपल्या गल्लीतल्या डीपीला किती फुटांना पाणी लागतं हे कुठंच लिहिलेलं नाही. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. त्यावरनं प्रत्येक डीपीची बंद पातळी काढा, खांबावर लाल पट्टा मारा, आणि पट्ट्याला पाणी टेकलं की कुणालाही न विचारता बंद करायचा लेखी अधिकार शाखा अभियंत्याला द्या.

हा अधिकार द्यायचा कुणी? 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा काढा, कलम 25 वाचा. जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी आहेत, पोलीस अधीक्षक आहेत, आरोग्याचे मुख्य अधिकारी आहेत. विजेचं नाव नाही. शासनानं नेमायचे ते जास्तीत जास्त दोन जिल्हास्तरीय अधिकारी, त्यात वीज बसली तर बसली. मागणी करायचीच तर ही करा, ग्रामीण वीजपुरवठ्याला तिथं हक्काची खुर्ची.

गावगाडा

ती पोस्ट माझी आहे आणि त्यातला एक शब्द मागं घेत नाही.

तुम्ही लिहिलंय ते नदीवेशीला लागू आहे, सगळ्या गावाला नाही. एका फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातनं निघणाऱ्या एकाच लाइनवर, नदीवेस, मधली आळी, वरचं गावठाण आणि माळावरची वस्ती. पाणी नदीवेशीत येतं आणि अंधार चारी ठिकाणी होतो. पूरग्रस्तांना आणून ठेवतात ती शाळा वरच्या गावठाणातच असते ना? मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते, जनरेटरचं डिझेल संपलं की होडी मागवायला फोनसुद्धा लागत नाही. टाकीत पाणी चढत नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर माणूस असेल तर त्याला तुमचा लाल पट्टा दाखवायचा का? दूध संस्थेच्या बल्क कूलरमधलं दूध 4 अंशांच्या वर गेलं की ओतायचंच.

भरपाई मागायला जावं तर वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत (सेवेच्या नियमांत) पूर-वादळाला सूट. मग तोडणाऱ्याला घाई का नसावी? त्याचं काहीच जात नाही. खुर्ची कसली मागताय, बैठकीला त्यांना बोलावतातच की.

तारेखालचा

बोलावतात माहिती द्यायला. निर्णयावर त्यांची सही नसते. या दोन गोष्टींतला फरक तुम्हाला समजत नाही असं मी मानत नाही.

रिले सेटिंग

गावगाडा, गावठाण आणि नदीवेस एका फिडरवर असणं हा खरा दोष आहे आणि तो दुरुस्त होतो. पाण्याच्या हद्दीवर, म्हणजे महापुरातही कोरडा राहिलेल्या शेवटच्या खांबावर, एक एबी स्विच बसवायचा. खालचा भाग तिथनं सुटा होतो, वरचं गावठाण चालू राहतं.

पण तो पाडायचा क्रम सगळ्यांनी समजून घ्या. एबी स्विच लोडवर उघडायचा नसतो, ब्लेडवर आर्क (ठिणगीचा लोळ) ओढला जातो. आधी उपकेंद्रातनं फिडरचा ब्रेकर (मुख्य खटका) पाडायचा, ऑपरेटरकडनं तसा निरोप आणि परमिट नंबर घ्यायचा. मग स्विच उघडायचा, तिन्ही ब्लेड सुटलेत हे खालनं डोळ्यांनी बघायचं, कारण गंजलेल्या स्विचचा एक ब्लेड चिकटून राहतो आणि हँडल मात्र पूर्ण फिरतं. हँडलला कुलूप, किल्ली खिशात. त्यानंतरच फिडर पुन्हा चालू. उपकेंद्र फोनवर सापडलं तर एवढं सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. अडतं ते फोनवर.

आणि उपकेंद्रच बुडालं तर? 2019 ला आपल्याकडं तेही झालं. ब्रेकर पाडणाऱ्या ट्रिप कॉइलला बॅटरी सेटचा डीसी पुरवठा लागतो. बॅटऱ्या पाण्यात गेल्या की खाली काहीही फॉल्ट होऊ दे, ब्रेकर पडत नाही. मग वरच्या उपकेंद्रातनं अख्खी 33 केव्ही लाइन बंद करावी लागते आणि पंधरा-वीस गावं अंधारात जातात. बॅटरी खोलीचा जोता वर घ्या, ही मागणी तुमच्या दंडापेक्षा शंभर पटीनं उपयोगाची आहे.

तारेखालचा, तुमच्याही पट्ट्यात चूक आहे. पट्टा डीपीच्या खांबावर असेल तर त्याला पाणी टेकेपर्यंत वायरमन पाण्यात उभा असतो. मग कमरेच्या हँडलचं जे सांगितलंत त्याचं काय? आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा शिरोळला चालत नाही. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, फुगवटा मागं चढतो, बावड्यात, राजाराम बंधाऱ्यापाशी, पाणी उतरायला लागलं तरी तिकडं वाढत असतं.

वारणाकाठ

फुगवट्याचं नाव काढलंत म्हणून विचारतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 वरनं 524 मीटरला न्यायची म्हणतात, त्यावर कुणीच का बोलत नाही? मूळ तिथं आहे.

रिले सेटिंग

त्याचा धागा वेगळा काढा, तिथं बोलू. इथं डीपी.

ऊसकरी

सगळं गावठाणाचं चाललंय. नदीकाठच्या मोटरींचं कोण बोलणार? पाणी वाढलं की शेतकऱ्याला मोटर वर काढायची असते. पेटीतलं स्टार्टर सोडायचं, केबल सोडायची, चेन पुलीनं नाहीतर ट्रॅक्टरनं मोटर काठावर घ्यायची. हे काम चालू लाइनवर होत नाही. शेतीचा फिडर पाणी काठाला यायच्या आधी बंद आणि बंद केल्याचा निरोप गावात, एवढं जरी केलं तरी माणसं वाचतील. निरोप येत नाही म्हणून शेतकरी स्वतः डीपीच्या पेटीत हात घालून फ्यूज काढतो. ओल्या हातानं, पायात चप्पल नसताना.

रिले सेटिंग

शंभर टक्के मान्य. पण त्याच पेटीत तुम्ही ऑटो स्विच, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा खटका, बसवता त्याचंही बोला. पूर ओसरून फिडर चालू केला की पहिल्या मिनिटात डीपी जळते, ती त्यानं.

हिशेब घ्या. 100 केव्हीएच्या रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्ण करंट 133 अँपिअर. 5 एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना सहापट, म्हणजे 45. डीपीवर वीस मोटरी असतील तर चालताना 150, आधीच जास्त. वीसही ऑटो स्विचवर असतील तर लाइन येताक्षणी 900 अँपिअर. दाब कोसळतो, मोटरी गती घेत नाहीत, म्हणून करंट खाली येतच नाही. एकतर फ्यूज उडतो, नाहीतर पेटीत फ्यूजऐवजी अॅल्युमिनियमच्या तारेचे पेड घातलेले असले तर रोहित्राची वाइंडिंग जाते.

ऊसकरी

शेतकऱ्याला शिकवू नका. ऑटो स्विच हौसेनं बसवलेला नाही. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बाराला लाइन येणार, ती दोनदा जाणार, आणि दर वेळी उसातनं नदीपर्यंत चालत जायचं? साप, चिखल, आता बिबट्यासुद्धा. दिवसा वीज द्या, ऑटो स्विच उद्या काढतो. शेतीला दिवसा वीज द्यायच्या सौर कृषी वाहिनी योजनेचं दुसरं पर्व 2023 ला जाहीर झालं. आमच्या फिडरला दिवसाची पाळी कधी, ते सांगा.

गावगाडा

आणि साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झाल्यापासून लाइनवरचा करंट कमी करणारा कॅपॅसिटर तर कुणीच लावत नाही. रोहित्र जळलं की वर्गणी काढायची, टेम्पो आपण करायचा, आणि दोष शेतकऱ्याचा.

रिले सेटिंग

दोष शेतकऱ्याचा म्हटलेलं नाही, नीट वाचा. रात्रपाळी हे मूळ कारण आहे हे मला मान्य आहे. पण पुरानंतरच्या पहिल्या चालूला ऑटो स्विच का चालत नाही ते ऐकून घ्या. स्टार्टर पाण्याखाली होतं. कॉइलमध्ये गाळ, संपर्क ओले, ऑइल स्टार्टर असेल तर तेलाच्या तळाला पाणी. तुम्ही घरी, लाइन आली, ऑटो स्विचनं ओल्या मोटरीला झटका दिला. तुमची मोटर गेली आणि त्याच डीपीवरच्या एकोणीस जणांची लाइन गेली.

सगळे काढणार नसाल तर किमान टायमर तरी वेगवेगळे ठेवा. एकाचा 30 सेकंदांवर, दुसऱ्याचा 60, तिसऱ्याचा 90. वीस मोटरींना दहा मिनिटं लागतील. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांशावर येतो, पण तो ऑटो स्विचला जोडताना डेल्टातच अडकवून ठेवतात, मग काय उपयोग.

ऊसकरी

टायमरचं पटतं. डीपीवरच्या सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय होणार नाही, आणि वीजवाल्यांनी सांगून कुणी बसणार नाही. पाणीपुरवठा संस्थेनं सांगितलं तर बसतील. पण मोटर तपासायची कशी ते तरी सांगा, नुसतं ओली ओली म्हणू नका.

रिले सेटिंग

मोटर गोड्या पाण्यानं धुवा, गाळ राहिला तर वाळूनही उपयोग नाही. बेअरिंग बदला. उन्हात किंवा हॅलोजनखाली वाळवा. मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मोजा. किमान एक मेगाओम आल्याशिवाय केबल जोडायची नाही. घरालाही तेच: मेन बंद, सगळे एमसीबी खाली, मेगर, मग एकेक सर्किट. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

बुडालेल्या रोहित्रात ब्रीदरमधनं (हवा घ्यायच्या नळीतनं) पाणी जातं, त्यातल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बघून गप्प बसू नका. तळाच्या व्हॉल्व्हमधनं तेल काढून चाचणी, तेलाची दाब सोसायची ताकद 30 केव्हीच्या खाली असेल तर फिल्टर मशीन. "कालच पाणी उतरलं, आज डीपी चालू करा" म्हणत कार्यालयाला घेराव घालणाऱ्यांनी हे वाचावं.

माळावरची वस्ती

या सगळ्यात जनरेटर सुटला. वीज तोडली की दुकानदार, डेअरी, हॉल सगळे जनरेटर काढतात. लाइन आणि जनरेटर यांतलं एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नसतो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर प्लगमध्ये घालतात. 230 व्होल्ट मीटरमधनं उलटा डीपीत जातो आणि रोहित्राच्या वरच्या बाजूला 11 हजार होऊन निघतो. वर तार जोडणाऱ्या जनमित्राला (वायरमनला) उपकेंद्रानं लाइन बंद आहे असं सांगितलेलं असतं, आणि ते खरंही असतं. चार पोलचा चेंजओव्हर बसवा, न्यूट्रलसकट सुटला पाहिजे. आणि खांबावर चढणाऱ्यानं कामाच्या दोन्ही बाजूंना शॉर्ट करून अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावू नये. एका बाजूचं अर्थिंग पुरत नाही.

कंत्राटी पोरांकडं अर्थिंग रॉडचे पुरेसे संच असतात का, हे कुणी विचारणार आहे का?

गावगाडा

जनरेटरचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. ठीक आहे, हद्दीवरच्या स्विचनं वरचं गावठाण चालू राहणार असेल तर "24 तास बंधनकारक" हे पोस्टमधनं काढतो. दंड ठेवतो, पण तोडल्याबद्दल नाही. हद्दीवरचा स्विच मे अखेरपर्यंत बसवला नाही तर दंड. आणि हे सगळं वीज कंपनीकडनं होणार नाही. कर्नाटकातल्या हुक्केरीसारखी ग्रामीण वीज सहकारी संस्था आपल्याकडं असती तर निर्णय गावात झाला असता.

तारेखालचा

हुक्केरी सांगताना नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवराही सांगा. तीही सहकारीच होती, 2011 ला परवाना गेला. सहकारानं पूर थांबत नाही आणि स्विचही आपोआप बसत नाही. पण दंडाचं तुम्ही आता लिहिलंत ते मी माझ्या निवेदनात घेतो, कारण ते बरोबर आहे.

पट्ट्याबाबत रिले सेटिंग यांचं बरोबर, माझं चुकलं. पट्टा डीपीच्या खांबावर नको. गावात पाणी ज्या सखल जागेतनं आधी शिरतं, ओढा किंवा मोरी, तिथं मारायचा. तिथं पाणी टेकलं तेव्हा डीपीखाली कोरडं असतं आणि वायरमन कोरड्यात उभा राहून हँडल ओढतो. शिरोळच्या गावांनी राजारामचा आकडा सोडावा, कृष्णेवरचा राजापूर बंधारा आणि नृसिंहवाडीची पातळी धरावी.

1 मेच्या ग्रामसभेत ठराव मांडताना चार गोष्टी घाला: मोरीवरचा पट्टा, हद्दीवरचा एबी स्विच, शेतीचा फिडर बंद करायच्या आधी दवंडी किंवा भोंग्यावर निरोप, आणि जिल्हा प्राधिकरणात विजेची नेमणूक. ठरावाची एक प्रत तहसीलला, एक उपविभागाला, पोच घेऊन.

ऊसकरी

पाचवी घाला, टायमर. आमच्या संस्थेच्या सभेत मी मांडतो.

माळावरची वस्ती

पट्टा मोरीच्या कठड्याच्या आतल्या, वरच्या अंगाच्या बाजूला मारा. बाहेरच्या बाजूला जलपर्णी आणि उसाचा पाचोळा अडकून दिसत नाही. रंग ऑइल पेंटच घ्या, खाली सिमेंट खरवडून. डिस्टेंपर जूनच्या पहिल्या पावसातच निघतो.