ऑनलाइन दुकान नव्या प्लॅटफॉर्मवर नेताना छोट्या टीमनं क्रम काय ठेवावा?

दुकानखाते (प्रश्न)

सध्याचं ऑनलाइन दुकान खास बनवून घेतलेल्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते वूकॉमर्सवर (वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडून चालणाऱ्या दुकानाच्या सॉफ्टवेअरवर) न्यायचं ठरलं आहे. वस्तू साधारण १२००, पण रंग आणि मापं धरली तर एसकेयू (प्रत्येक प्रकाराचा वेगळा ओळख-क्रमांक) ४००० च्या घरात. ऑर्डरी दिवसाला ३०-४०. टीम पाच जणांची: दोघं पॅकिंगला, एक जण वस्तूंची माहिती आणि फोटो बघतो, एक जण ग्राहकांचे फोन-मेल, एक जण हिशेब. तांत्रिक काम बाहेरच्या डेव्हलपरकडे. चाचणीची साइट तयार आहे, डिझाइनही झालंय.

अडलंय ते पुढच्या क्रमावर. थोडे दिवस दोन्ही दुकानं सुरू ठेवून हळूहळू सरकावं, की एका दिवसात बदलावं? ग्राहकांची खाती पासवर्डसकट येतील का? आणि टीमला कधी शिकवावं: आधीच, की सुरू झाल्यावर काम करता करता?

साठेदार

दोन्ही दुकानं एकदम ऑर्डरी घेऊ लागली की साठ्याचा आकडा दोन ठिकाणी राहतो आणि शेवटचा नग दोन्हीकडे विकला जातो. मधे साठा जुळवणारा प्रोग्रॅम बसवता येतो, पण थोड्या दिवसांसाठी तो लिहायचा, तपासायचा आणि मग टाकून द्यायचा, हे पाच जणांच्या टीमला झेपणारं काम नाही. बदल एका दिवसातच करा. वेळ त्याआधीच्या तयारीला द्या, आणि त्यातही सगळ्यात जास्त डेटाला.

डेव्हलपर 'इम्पोर्ट झाला' (जुन्या दुकानाची माहिती फाइलमधून नव्यात भरली) म्हणतो तेव्हा फाइल शेवटपर्यंत वाचली गेली, एवढंच कळतं. आत काय गेलं ते वस्तूंची माहिती सांभाळणाऱ्या माणसानंच बघायला हवं. ४००० ओळी एकदम टाकू नका. आधी २० वस्तू निवडा: एक साधी, एक रंग-मापवाली, एक सवलतीतली, एक साठा संपलेली, एक खूप जड, एक भरपूर फोटोंची, अशा. त्या २० अचूक आल्या की मग पुढच्या, तुकड्या-तुकड्यांनी.

नेहमी बिघडतं ते असं:

एसकेयू आणि बारकोड. सीएसव्ही फाइल (वस्तूंची साधी मजकूर-स्वरूपातली यादी) एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी ००४५२ चा ४५२ होतो आणि तेरा अंकी बारकोड 'ई+१२' असा आखडतो. एकदा सेव्ह झाल्यावर मूळ अंक त्या फाइलमधून परत मिळत नाहीत. फाइल 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि हे रकाने 'टेक्स्ट' ठरवा. सेव्ह करताना यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट जपणारी पद्धत) निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

रंग-मापं. वूकॉमर्समध्ये मुख्य वस्तूची एक ओळ आणि प्रत्येक प्रकाराची वेगळी ओळ लागते. प्रकाराच्या ओळीत 'पेरेंट' रकान्यात मुख्य वस्तूचा एसकेयू हवा. 'नेव्ही ब्लू' आणि 'नेव्हीब्लू' हे त्याला दोन वेगळे रंग वाटतात आणि फिल्टरमध्ये दोन्ही दिसतात. लेखन आधी एकसारखं करून घ्या. नंतर निस्तरणं फार किचकट जातं.

वजन. जुन्या दुकानात ग्रॅम आणि नव्यात किलो असेल तर ५०० ग्रॅमची वस्तू ५०० किलोची होते आणि डिलिव्हरीचा खर्च हजारपट वजनावर काढला जातो.

कर. किमती करासहित भरायच्या की कराविना, हे हिशेबवाल्याकडून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. ती सेटिंग मागाहून बदलली तर आधी भरलेल्या किमती आपोआप बदलत नाहीत.

फोटो. इम्पोर्टर जुन्या साइटच्या पत्त्यांवरून फोटो उतरवून घेतो. सगळे फोटो नव्या मीडिया लायब्ररीत आलेत याची खात्री होईपर्यंत जुनी साइट बंद करायची नाही.

पॅकिंगटेबल

शिकवणं आधीच. आणि एकानं पडद्यावर दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं, अशी बैठक घेऊ नका. त्यातून हाताला काहीच लागत नाही. चाचणीच्या साइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) टेस्ट मोडला, म्हणजे खरे पैसे न कापता चालेल असा, ठेवा आणि प्रत्येकाला स्वतःचं काम स्वतःच्या लॉगिननं करू द्या. एक ऑर्डर टाका, पॅकिंगवाल्यांनी ती शोधून यादी छापावी, ट्रॅकिंग नंबर भरावा, मेल बघणाऱ्यानं पत्ता बदलावा, हिशेबवाल्यानं अर्धी रक्कम परत करावी. जिथं माणूस अडतो तिथलं बटण आणि पडद्याचं नाव लिहून ठेवा. पॅकिंगच्या टेबलावर चिकटवायचा कागद त्यातूनच तयार होतो.

सगळ्यात आधी पक्के करायचे ते ऑर्डरच्या स्थितींचे अर्थ. 'प्रोसेसिंग' म्हणजे पैसे आलेत, पॅक करा. 'ऑन होल्ड' म्हणजे साठा कमी झालाय, पण पैशांची खात्री व्हायची आहे. हात लावू नका. 'पेंडिंग पेमेंट' म्हणजे ग्राहक पैसे भरण्याच्या पायरीवर आहे किंवा तिथूनच परतला. पॅकिंगला फक्त 'प्रोसेसिंग'ची यादी दिसेल असं करा.

परतफेडीची चूक सगळ्यात महाग पडते. ऑर्डरची स्थिती हातानं 'रिफंडेड' केली की ग्राहकाला पैसे जात नाहीत, फक्त नोंद होते. पैसे परत जायचे तर ऑर्डर उघडून 'रिफंड' दाबायचं, रक्कम भरायची आणि गेटवेचं नाव असलेलं बटण निवडायचं. 'मॅन्युअली' लिहिलेलं बटण हीसुद्धा नुसती नोंदच. तिथंच माल साठ्यात परत घेण्याची खूण असते. वस्तू फुटून आली असेल तर ती खूण काढायची, नाहीतर नसलेला माल विक्रीला लागतो.

लॉगिन एकच ठेवून पाचांनी वापरू नका. अ‍ॅडमिन दोघांनाच, दोन टप्प्यांच्या पडताळणीसह. 'शॉप मॅनेजर' या वूकॉमर्समधल्या तयार भूमिकेला दुकानाच्या सेटिंगही बदलता येतात, म्हणून पॅकिंगसाठी डेव्हलपरकडून त्याहून मर्यादित भूमिका बनवून घ्या.

दुकानखाते

परतफेडीचं लगेच टीमला दाखवतो. पासवर्डचं काय करावं? आणि प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी कोणी काय करायचं?

वेबपहारा

पासवर्ड हॅश करून (उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) ठेवलेले असतात, त्यामुळे मूळ पासवर्ड कुणालाच काढता येत नाही. हॅशची पद्धत जुळवून ते नेता येतात, पण त्यासाठी वेगळा कोड लागतो आणि लॉगिनच्या कामात घाईचा कोड नको. नाव, ईमेल, पत्ते न्या आणि लॉगिनच्या पानावर ठळक लिहा: 'दुकान नवं आहे, एकदा नवा पासवर्ड करून घ्या.' सगळ्यांना एकदम रिसेटच्या लिंक पाठवू नका. वर्डप्रेसची ती लिंक मुळात २४ तासच चालते. उशिरा मेल उघडणाऱ्याला ती मेलेली मिळते. खाती आत घेताना 'नवीन खातं' हा मेल बंद ठेवा, आणि ऑर्डरचे मेल सर्व्हरवरून थेट न पाठवता मेलसेवेतून पाठवा. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच तुमच्याच नावानं आलाय हे पटवणाऱ्या) आधी झाल्या नाहीत तर ऑर्डरची पोच स्पॅममध्ये जाते आणि फोन वाजत राहतात.

बदल आठवड्याच्या सुरुवातीला, कमी गर्दीच्या वेळी करा. शुक्रवारी रात्री नको, कारण शनिवारी-रविवारी गेटवेचा किंवा होस्टिंगचा मदतकक्ष गाठणं अवघड.

दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांकडे लक्षात राहण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हरच (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलणार असाल तर एमएक्सच्या (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) नोंदी तिकडे आधी भरा, नाहीतर दुकान चालू आणि टीमचा ईमेल बंद, अशी गत होते.

त्या दिवशी आधी जुन्या दुकानात चेकआउट बंद, ग्राहकांना माहिती वाचता येईल एवढंच ठेवायचं. मग पॅकिंगच्या दोघांनी जास्त विकल्या जाणाऱ्या वस्तू हातानं मोजायच्या आणि साठ्याचे शेवटचे आकडे भरायचे. राहिलेल्या जुन्या ऑर्डरी जुन्या दुकानातूनच संपवा, त्या नव्यात ओढू नका. नव्या ऑर्डरींचे क्रमांक बरेच पुढून सुरू करा, म्हणजे एकच क्रमांक दोन ग्राहकांकडे जाणार नाही. त्यासाठी प्लगइन (जोडायचं पूरक सॉफ्टवेअर) लागेल.

दुकान उघडण्याआधी चाचणीच्या साइटवरचा 'सर्च इंजिनांना रोखा' हा पर्याय काढलाय ना, गेटवे लाइव्ह मोडला आहे ना आणि वेबहुकचा (पैसे आल्याचं गेटवे दुकानाला आपोआप कळवतो त्या निरोपाचा) पत्ता नव्या साइटचा आहे ना, हे बघा. वेबहुक चुकला तर पैसे कापले जातात, पण ऑर्डर 'पेंडिंग'मध्येच पडून राहते, आणि साठा राखण्याची मुदत संपली की आपोआप रद्द होते. ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते. म्हणून खऱ्या कार्डानं एक छोटी ऑर्डर करून तिची परतफेडही करून बघा. कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही पानं कॅशमधून (साइट वेगानं उघडावी म्हणून साठवलेल्या पानांच्या तयार प्रतींमधून) वगळलेली हवीत. नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते.

माघार कधी घ्यायची हेही आधीच लिहून ठेवा: उदाहरणार्थ, दोन तासांत पेमेंट सुरळीत झालं नाही तर जुनं चेकआउट पुन्हा उघडायचं. हा निर्णय एकाच माणसाकडे हवा. नव्या दुकानात खऱ्या ऑर्डरी साचल्यावर मागं फिरणं खूप अवघड होतं.

साठेदार

एक राहिलं: प्रत्येक जुन्या पानासाठी नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय). सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवली तर गूगल त्यांना 'पान सापडलं नाही' असंच धरू शकतं. जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी दोन रकान्यांची यादी आत्ताच करायला घ्या, जास्त भेटी असलेली पानं आधी. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, आणि पहिले दोन आठवडे सर्च कन्सोलमधली (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) ४०४ ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी रोज एकानं बघायची.