ट्रॅक्टरवर बूम (लांब लोखंडी हात) बसवून उंच झाडं छाटायचं यंत्र करायचंय, पलटी तर होणार नाही ना?

वडणगेचा_वेल्डर
नमस्कार मंडळी. माझं वडणग्यात छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, ट्रॉल्या, रोटाव्हेटरची दुरुस्ती, शेड असली कामं करतो. गेल्या वर्षी आमच्या भावकीतला एक गडी चिंचेवर खांद्या तोडायला चढला होता, कंबरेला नुसता सोल (दोर) बांधलेला, खांदी मोडताना त्याच्यासकट खाली आली आणि मणक्याला लागलं, सहा महिने अंथरुणावर. तेव्हापासनं डोक्यात आहे की माणूस झाडावर चढवायचाच नाही. आता वळीव सुरू झालाय, रोज कुठं ना कुठं खांदी पडतीय आणि बांधावरचे सिल्व्हर ओक, नारळ, रस्त्याकडंचे वड छाटायला लोक माणसं शोधत फिरायलेत, पण चढणारी माणसं आता मिळत नाहीत हो.

काकांचा ४५ एचपी ट्रॅक्टर ऊस संपला की नुसता उभाच असतो. त्याच्या मागं थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या तीन लिंकांना) १० ते ११ मीटरचा दोन तुकड्यांचा बूम, वर पाळणा, पाळण्यात दोन माणसं आणि चेन सॉ असा विचार आहे. बूमला १०० बाय १०० बाय ५ एमएमचा स्क्वेअर पाइप, सिलेंडर ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिकवर चालवायचे. कागदावर तरी बसतंय. कुणी असलं केलंय काय? काय चुकायलंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

शिरोली_हायड्रोलिक
विचारलंस हे बरं केलंस पोरा, बरीच पोरं आधी करतात आणि मग विचारतात. पंचवीस वर्षं शिरोली एमआयडीसीत सिलेंडर आणि पॉवरपॅकमध्ये गेली माझी. आता वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं डिझाइन पहिल्याच दिवशी आडवं होणार.

उंचीनं ट्रॅक्टर पडत नाही, बाजूच्या पल्ल्यानं पडतो. तुझा ट्रॅक्टर असेल साधारण २००० किलो. मागच्या टायरची बाहेरची कड मधल्या रेषेपासनं ६५ सेंटीमीटर धर. म्हणजे ट्रॅक्टर स्वतःला धरून ठेवतोय तो २००० गुणिले ०.६५, १३०० (किलो गुणिले मीटर). आता पाळणा, दोन माणसं, सॉ मिळून २०० किलो, आणि तो टायरच्या बाहेर ५ मीटर गेला की झाले १०००. बूम, पिना, सिलेंडर मिळून २५० किलो तरी होतोय, त्याचा मध्य टायरच्या बाहेर सव्वादोन मीटरवर, ते साडेपाचशे. बेरीज १५५०. गेला ट्रॅक्टर. आणि हे तर मी तुझ्या बाजूनं धरून सांगतोय, कारण पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतोय, म्हणजे पलटायची रेघ मागच्या टायरपासनं पुढच्या टायरला जात नाही, पुढच्या एक्सलच्या मध्यावर जाते. तीन पायांच्या स्टुलासारखं बघ. खरा आकडा १३०० पेक्षा बराच खाली येतोय.

दुसरं, थ्री पॉइंट वर उचलतंय, खाली दाबत नाही. तुझा बूम एका बाजूला झुकला की लिंका नुसत्या वर उचलल्या जाणार, त्यामुळं ट्रॅक्टरच्या वजनाचा भरवसा पूर्ण धरूच नकोस. फ्रेम मागच्या एक्सलच्या हाउसिंगला बोल्टनं कायमची बांधायची आणि दोन्ही बाजूला हायड्रोलिक जॅकचे पाय, मधल्या रेषेपासनं निदान दीड मीटर बाहेर. मग पलटायची रेघच बाहेर जाते. तोच हिशोब परत करून बघ, ३००० विरुद्ध साधारण ११५०, अडीचपट मिळतंय. एवढं असल्याशिवाय माणूस वर चढवायचा नाही.

पाइपचं पण सांगून टाकतो. १००-१००-५ चा पाइप, ६ मीटर पल्ल्यावर २०० किलो अधिक त्याचं स्वतःचं वजन धरलं तर बुडाशी ताण साधारण २६५ एमपीए (ताणाचं माप) येतोय. साध्या माइल्ड स्टीलची हद्दच २५० ची. म्हणजे मशीन रंगवायच्या आधीच वाकतंय. बुडाचा तुकडा १५०-१५०-६ चा घे, तो मीटरला २६ किलो बसतो, १०० वाला साडेचौदा. आणि बूमच्या वरच्या अंगावर आडवं वेल्डिंग करू नकोस, भेग तिथनंच सुरू होते.

सेक्शन_ऑफिसचा_माणूस
वरच्या काकांनी पलटीचं सांगितलं, मी तारेचं सांगतो. रस्त्याकडंच्या झाडांत निम्म्या वेळा ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन असतेच. तुमचा बूम लोखंडी, ट्रॅक्टर लोखंडी, आणि तार शिवायलाच पाहिजे असं पण नाही, ओली खांदी तारेवर पडली आणि दुसरं टोक पाळण्याला लागलं तरी संपलं. लाइनच्या जवळ काम असलं की आमच्या विजेच्या ऑफिसमधून परमिट (लाइन बंद ठेवल्याची परवानगी) घेऊनच करायचं. एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) पाडलेला डोळ्यानं बघायचा आणि अर्थिंग टाकल्याशिवाय हात लावायचा नाही. अर्थिंग का, तर आजकाल घरोघरी जनरेटर, इन्व्हर्टर आहेत, कुणीतरी उलटी लाइट सोडली की मेलेली लाइन जिवंत होते. परमिट नसेल तर मी कुणाला ३ मीटरच्या आत बूम आणू देत नाही.

आणि एक, बूम लाइनला लागलाच तर ड्रायव्हरनं ट्रॅक्टरवरनं उतरायचं नाही. आग लागली तरच उडी, दोन्ही पाय जोडून, ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाही, आणि लांब जाताना पण पाय जोडूनच टणटणत जायचं.

शिरोळचा_शेतकरी
ह्या गोष्टीची मला भारी आठवण आहे. दोन वर्षामागं आमच्याकडं एकानं असलंच घरगुती मशीन भाड्यानं आणलं होतं, नारळ छाटायला. जॅकचे पाय होते वो त्याला, ते नव्हते असं नाही, पण रात्री एक पाऊस पडून गेलेला आणि आमची काळी जमीन, तुम्हाला ठाऊकच आहे, चपलेला चार किलो चिखल लागतोय. बूम बाजूला फिरवला तसा एक पाय हळूहळू जमिनीत जायला लागला, आवाज नाही काही नाही, वरच्या पोराला वाटलं बूमच हलतोय. आम्ही खालनं बोंब मारली म्हणून परत मध्ये घेतला. त्या पायाला तळाला केवढी पट्टी होती म्हणाल तर माझा पंजा झाकला असता.

शिरोली_हायड्रोलिक
हे होणारच. पायावर २ टन आले आणि तळाची प्लेट १५ सेंटीमीटरची असली तर चौरस सेंटीमीटरला ९ किलो पडतोय. खाली ६० बाय ६० चा जाड लाकडी ठोकळा टाकला की तेच अर्ध्या किलोवर येतंय. ठोकळे ट्रॅक्टरलाच अडकवून ठेवायचे, नाहीतर घरी विसरतात. आणि समोर पाणसाळ लाव. जमीन ३ अंश कलली की १० मीटरवर पाळणा ५२ सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतोय, तुला खालनं दिसत पण नाही.

वडणगेचा_वेल्डर
काका, आकडे वाचून रात्री झोप नाही लागली, वहीवर स्वतः करून बघितलं, बरोबर आहे तुमचं. पण एक विचारू का, रागवू नका. आमच्याकडं जेसीबीच्या बकेटात माणूस उभा करून सर्रास छाटणी चाललेली असते, त्याला तर पाय पण नसतात पुढच्या बाजूला. मग आपलंच एवढं अवघड का? आणि जॅक, फ्रेम, जाड पाइप धरला तर खर्च दुप्पट होतोय, गिऱ्हाईक एका झाडाला हजार-पंधराशेच्या वर देत नाही.

शिरोली_हायड्रोलिक
जेसीबी ७ टनाच्या वरचा, म्हणून तो पलटत नाही. पण लिव्हरला चुकून कोपर लागला की बकेट कलंडते आणि माणूस खाली ओतला जातो, माती ओतल्यासारखा. ते बघून शिकायचं नसतं.

आता खर्चाचं. तू मूळ गोष्ट पहिल्याच ओळीत लिहिलीस आणि मग विसरलास, माणूस चढवायचा नाही म्हणून. मग पाळण्यातनं तरी कशाला चढवतोस? सॉ वर पाठव की. बूमच्या टोकाला हायड्रोलिक मोटर आणि चेन सॉचा बार, सगळं मिळून ५० किलोच्या आत बसवता येतंय. २०० च्या जागी ५०, म्हणजे ५ मीटरवर १००० चे २५० झाले. पाइप हलका चालतोय, जॅक तरी लागणारच, पण चुकलं तर लोखंड पडेल, पोरगं नाही.

बरेच जण टोकाला गोल पातं लावतात, बागेत कुंपण छाटतात तसं. ६० सेंटीमीटरचं पातं २००० आरपीएमला फिरलं की कडेचा वेग तासाला सव्वादोनशे किलोमीटर होतोय, झाडात खिळा, तार असली (आणि आपल्याकडं प्रत्येक वडाला जाहिरातीच्या खिळ्याचा हार असतोयच) की दात सुटून कुठं जाईल सांगता येत नाही. बारीक डहाळ्यांना पातं ठीक, जाड खांदीला चेनच बरी. ड्रायव्हरच्या डोक्यावर आणि समोर जाळी पाहिजे, कापलेली खांदी कधी कधी बूमवरनं घसरत सरळ सीटकडं येते.

हायड्रोलिक ट्रॅक्टरचं वापरू नकोस. ते तेल गिअरबॉक्सचंच असतंय, सॉची मोटर सतत चालली की तापणार. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) गिअर वाढवून वेगळा पंप, ४० लिटर मिनिटाला, १८० बार. हिशोबानं १६ एचपी लागतात, ४५ ला काहीच नाही. टाकी १०० लिटरची तरी कर. आणि हे लक्षात ठेव, लॉक व्हॉल्व (सिलेंडरमधलं तेल अडवून धरणारा) सिलेंडरच्या अंगावरच बसव, मध्ये होज पाइप नको. लिव्हरपाशी बसवला तर होज फुटल्यावर त्याचा काही उपयोग नाही, बूम धाडकन खाली.

पन्हाळा_नर्सरीवाली
तुमचं लोखंड झालं की झाडाचं पण थोडं ऐका 🙂 मशीननं छाटलेली झाडं मी बघते, खांदी एका घावात कापायला जातात आणि ती खाली मोडताना बुंध्याची साल हातभर फाडत येते. आधी बुंध्यापासून हातभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढं वरून काप, खांदी पडली की उरलेलं खुंट बुंध्याजवळचा फुगीर कंगोरा राखून काढायचं. तिसरा काप बूमवरनं नीट जमत नाही हे मान्य, तेवढं शिडीवरनं करता आलं तर बघा. आंब्याच्या मोठ्या घावांना बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

शहरात काम घेणार असाल तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, महापालिकेची परवानगी असल्याशिवाय हात लावू नका, दंड मशीनवाल्याला पण बसतो.

वडणगेचा_वेल्डर
मग ठरलं, पाळणा रद्द, सॉच वर पाठवायचा. ताईंचा तिसरा काप शिडीवरनं, पण हार्नेस घालूनच. काका, आता एवढंच सांगा, ट्रॅक्टरचं खरं वजन आणि ते मध्य कुठं पडतोय ते काढायचं कसं? पुस्तकात एकच आकडा दिलाय.

शिरोली_हायड्रोलिक
काट्यावर ने. गाळप संपलंय, ऊस तोलायचा काटा रिकामाच असेल, नाहीतर हायवेला वजनकाटा आहेच. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घे, मग नुसती मागची, दोन्ही पावत्या जपून ठेव. डिझेल भरलेलं असू दे, ट्रॉली काढून. मागच्या टायरचं बाहेरून बाहेर माप आणि दोन एक्सलमधलं अंतर टेपनं घे, वहीत लिही आणि इथं टाक. त्या चार आकड्यांवर फ्रेम काढू. पाइप तोवर घेऊ नकोस.

वडणगेचा_वेल्डर
पाइप कालच आणलाय काका, १०० वाला, ३ नग 😅

शिरोली_हायड्रोलिक
जॅकच्या पायांना वापर.