यात्रेआधी घर सजवायचं की कर्ज फेडायचं?

लेथवाला
आमच्या गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी भरणार आहे. बेळगाव तालुक्यातल्यांना वेगळं सांगायला नको, पण पुण्यामुंबईचे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. यात्रा ठरली की अख्खं गाव घराला हात घालतं. कुणी पुढचं कौल काढून स्लॅब ओततो, कुणी फरशी बदलतो, रंग तर सगळेच काढतात. त्या आठवड्यात पै-पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, कारखान्यातले सगळे जेवायला येणार, मग घर दिसायला नको का? आमच्या गल्लीत सध्या खडीचा ढीग नाही असं एकच दार आहे, ते माझं.

माझी परिस्थिती अशी. चुलत्याचा वाटा विकत घेतला आणि मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. त्यासाठी गेल्या वर्षी बँकेचं २५ लाखांचं कर्ज काढलं. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २१,७०० च्या आसपास. पुढचा सोपा (पडवी) आणि माजघर अजून आजोबांच्या काळातलं, कौलारू. मी उद्यमबागेत कामाला, बायको घरी शिवणकाम करते. हप्त्यावर महिन्याला ५ हजार जादा भरतो. गाडी जुनीच आहे, डबा घरचा, हॉटेल बंद, टीव्हीचं रिचार्ज बंद, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकोला येणारे दोन हजार पण त्यातच जातात.

आता बँकेतूनच विचारणा झाली, ६ लाखांचा टॉप-अप (चालू कर्जावर जादा कर्ज) घेता का, घर पूर्ण करून टाका. माझं मत, नको. यंदा पावसाच्या आत गळकं छप्पर आणि वायरिंग तेवढं करायचं, तेही साठवलेल्या पैशातून. फरशी, दर्शनी भिंत, किचन कर्ज संपल्यावर बघू. घरात यावरून तोंडं फिरली आहेत. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड
तुमचं बरोबर आहे, आणि का ते आकड्यात सांगतो. २५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच १७,७०८ होतं. म्हणजे पहिल्या हप्त्यातले जेमतेम ४ हजार मुद्दलात गेले. वीस वर्षं असंच भरलंत तर २७ लाख नुसतं व्याज. सुरुवातीपासून दर महिन्याला ५ हजार जादा भरले तर तेच कर्ज १३ वर्षांच्या आत मिटतं आणि व्याजाचे जवळजवळ ११ लाख वाचतात.

उलट टॉप-अपचे ६ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी धरा. हप्ता ६,०८५. त्यावरचं व्याज ५ लाखांच्या आसपास. म्हणजे जादा भरायचे ते पाच हजार तर गेलेच, वर आणखी हजार शोधायचे.

एक काळजी घ्या. जादा पैसे भरताना बँकेला लेखी सांगा की मुदत कमी करा, हप्ता नको.

निपाणकर
आकडे कागदावर चांगले दिसतात. घर कागदावर नसतं. मी बांधकामाचीच कामं घेतो, म्हणून सांगतो, तुकड्यातुकड्यात काम म्हणजे दुप्पट खर्च. तुम्ही आता वायरिंग करणार, भिंतीत पाइप घालून गिलावा करणार. कर्ज संपल्यावर फरशी बदलाल तेव्हा स्कर्टिंगसाठी तोच गिलावा फुटणार. किचन हलवलं की पॉइंट हलले, परत भिंत फोडा. गवंडी एकदा दारात आला की त्याच्याकडून सगळं करून घ्यावं. दुसऱ्यांदा बोलावलं तर मजुरी वाढलेली असते आणि एम-सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) भावही. तुमचं व्याज वाचेल, पण त्यातलं बरंचसं गवंड्याच्या घरी जाईल.

पुण्यात_बेळगावकर
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. कर्ज लवकर फेडायचंच कशाला? २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ पर्यंत आला. कर्ज स्वस्त झालंय. हे ५ हजार दर महिन्याला चांगल्या इंडेक्स फंडात टाका, पंधरा वर्षांनी कर्ज फेडूनही पैसे उरतील. शिवाय व्याजावर २ लाखांपर्यंत करसवलत मिळते ती वेगळीच. आपल्याकडे कर्ज म्हटलं की लोक आजारपण असल्यासारखं बोलतात.

आकडेमोड
करसवलतीचं सोडा. ती जुन्या करप्रणालीत. नव्यात राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, आणि नव्यात १२ लाखांपर्यंतच्या पगाराला तसाही कर लागत नाही. उद्यमबागेतल्या माणसाला त्या २ लाखांचा उपयोग काय?

रेपोचंही तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ४ वरून साडेसहावर गेला तेव्हा बऱ्याच लोकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. निवृत्तीनंतरही हप्ते दिसायला लागले तेव्हा कळलं. म्हणून तर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. आज दर खाली आलाय, उद्या वर जाणार नाही असं कुणी लिहून दिलंय? जादा भरून वाचलेलं साडेआठ टक्के नक्की आहे. फंडाचं बारा टक्के कदाचित आहे. लेथवर रोज उभं राहणाऱ्या माणसाला मी नक्की असलेलंच सांगणार.

वडगावची_अक्का
सगळे पुरुष बोलून झाले काय? मग मी विचारते. गृहलक्ष्मीचे दोन हजार घरच्या बाईच्या खात्यावर येतात. तुमच्या मिसेसना विचारलंत, की ‘घरातलेच पैसे’ म्हणून उचलले? घराच्या उताऱ्यावर त्यांचं नाव आहे काय?

आणि काटकसर, काटकसर म्हणता, ती कुणी करायची? तुम्ही सकाळी कामावर जाता. मोडक्या ओट्यावर दिवसभर कोण उभं राहतं? उखणलेल्या जमिनीवर शिवणाचं मशीन डुगडुगतंय ते कोण सांभाळतं? जुन्या सोप्याची जमीन सारवायला कोण वाकतं? तुम्ही डबा घरचा नेता म्हणजे तो पहाटे कुणीतरी उठून करतं. तुमची काटकसर त्यांच्या कंबरेवर उभी आहे, भाऊ. १३ वर्षं अशीच काढा म्हणायला सोपं आहे.

लेथवाला
अक्का, उताऱ्यावर तिचं नाव नाही. कर्जावर सहकर्जदार म्हणून आहे, बँकेने मागितलं होतं.

बाकी ती स्वतःच टॉप-अपला नको म्हणते. हो म्हणते आई. आईचं म्हणणं एकच, मागच्या यात्रेला तुझ्या वडिलांनी सोप्याला रंग काढला होता, यंदा माझ्या माहेरची माणसं येणार, त्यांना गळक्या घरात बसवू काय.

वडगावची_अक्का
म्हणजे देण्यात वाटा आणि घेण्यात नाही. कुटुंबातल्या कुटुंबात बक्षीसपत्र केलं तर कर्नाटकात मुद्रांक शुल्क ठरावीक आहे, बाजारभावाच्या टक्क्यांत नाही. कर्ज चालू असताना बँकेची संमती लागेल, तेवढं विचारून ठेवा.

सासूबाईंना मात्र दोष देऊ नका. त्यांच्या यजमानांनी घर जसं उभं केलं तसं दिसावं असं त्यांना वाटणारच.

कौलारू_खानापूर
छपरावर कुणीच बोललं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. आमच्या खानापूरकडे पाऊस काय असतो ते माहीत आहेच. एक गोष्ट आधी सांगतो. यात्रेच्या नादात जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. ते वजन त्या भिंती पेलत नाहीत. त्यासाठी पाया खणून पिलर उभे करावे लागतात, म्हणजे नवं घरच झालं. ६ लाखांत ते बसणारही नाही, अर्ध्यात अडकून पडाल.

कौलच ठेवा. एप्रिलमध्ये कौलं उतरवा, एकेक टिचकी मारून बघा. खणखणीत वाजतं ते परत चढवायचं, भद्द वाजतं ते बाजूला. आमच्याकडे अशा पाहणीत निम्म्याहून जास्त कौलं चांगली निघतात. खानापूरला कौलांचे कारखाने होते, त्या काळातलं कौल आजच्या पत्र्याला हरवतं. मग रिपांना स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक आत गेलं की ती रीप काढायची. वासे शक्यतो तेच, किंजळ किंवा साग असेल तर आज तसलं लाकूड विकत मिळणार नाही. गळती बहुतेक वेळा दोन छपरं मिळतात त्या पन्हळीत असते, तिथला पत्रा गंजलेला असतो. तो बदलला की अर्धा प्रश्न मिटला. मिरगाच्या आत आटपा. एवढं केलंत तर आईला माणसं बसवायला कोरडा सोपा मिळेल, आणि रंगाला खर्च तो किती.

निपाणकर
खानापूरकर, छपराचं तुमचं शंभर टक्के मान्य. जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणाऱ्याला मीही हात जोडतो. पण वायरिंगचं माझं म्हणणं तसंच. वरून केसिंग-पट्टीत वायर घ्या, दिसायला वाईट दिसेल पण नंतर भिंत फुटणार नाही. अर्थिंग आणि एमसीबी मात्र आत्ताच.

लेथवाला
हे पटलं. पट्टीतूनच करतो. मिसेस म्हणतात दिसली तर दिसू दे.

सावकार_नको
तुम्ही सगळे बँकेच्या कर्जावर बोलताय, तुमचं नशीब. फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण आपल्या पट्ट्यात किती घरं बँकेच्या कर्जावर आहेत? पंचायत हद्दीतल्या ज्या जागेला ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे) ९ आणि ११ नंबरचे फॉर्म निघत नाहीत तिथे बँक दारात उभी करत नाही. मग माणूस जातो सोसायटीकडे नाहीतर सौहार्द सहकारी पतसंस्थेकडे. व्याज चौदा, पंधरा. त्यांना तो नियम लागू नाही, आधी फेडलं तर काय घ्यायचं ते त्यांच्या करारात असतं. त्यातून सोनं गहाण, भिशी उचललेली. अशा माणसाने आधी महागडं कर्ज मारावं, मग गृहकर्जाचं बघावं. धागा वाचून कुणी उत्साहात साडेआठवाल्यात जादा भरायला लागेल आणि पंधरावालं तसंच ठेवेल, म्हणून लिहिलं.

आणि लेथवालेदादा, खरं सांगा. फरशी टाळली, मान्य. जेवण टाळणार आहात काय? आमच्याकडे यात्रेत लोक बांधकामात वाचवतात आणि मटणात घालवतात. बोकडासाठी हातउसने घेतले की तुमचा ११ लाखांचा हिशोब बसेल का?

लेथवाला
जेवण होणारच. ते टाळलं तर गावात राहायला नको. त्यासाठी वेगळे बाजूला काढतोय, ते कर्जाच्या पैशातले नाहीत. पण पहिल्या दिवशीच, आणि यादी करून. दुसऱ्या दिवसाचं मित्रमंडळाचं जेवण बंद.

सावकार_नको
यादी करून! यात्रेत! बघूया.

पुण्यात_बेळगावकर
हाताशी काही ठेवलंय की नाही? सगळं मुद्दलात ओतून टाकलं आणि कारखान्यात मंदी आली, तर बँक ते पैसे परत देत नाही. निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम एफडीत हवी. फंडावर भांडायचं तर भांडू, पण हे तरी ऐका.

आकडेमोड
हे पुणेकरांचं बरोबर. माझ्याकडून राहिलेलं लिहिलंत.

वीजबिलाचं एक जोडतो. सरकारच्या गृहज्योती योजनेत सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. २०२२-२३ सालच्या तुमच्या सरासरीवर थोडं जास्त, एवढंच तुमचं फुकट. काटकसरीच्या घराची सरासरी मुळात कमी. नवं किचन, चिमणी, गिझर आलं की हेस्कॉमचं बिल सुरू होईल. टॉप-अपवाल्या किचनच्या हिशोबात हेही धरा.

वडगावची_अक्का
म्हणजे बाईने वीज वाचवायला चुलीवर पाणी तापवायचं. बरं.

लेथवाला
काल घरात बसून बोललो. ठरलं ते असं. टॉप-अप नाही. छप्पर खानापूरकरांनी सांगितलं तसं, कौलं तीच, पन्हळीचा पत्रा नवा. सोप्याला कोबा आणि रंग. स्वयंपाकाचा ओटा मात्र आत्ताच, कडप्प्याचा, उंची तिच्या मापाने. किचनचं बाकी काही नाही. गृहलक्ष्मीचे दोन हजार तिच्या नावाच्या आरडीत, कर्जात नाही. म्हणजे माझे जादा ३ हजार राहतात. बक्षीसपत्राचं बँकेत विचारून येतो.

आकडेमोड, तीन हजारांनी काय होतं?

आकडेमोड
पंधरा वर्षं, एखादा महिना कमी. वाचणारं व्याज ११ ऐवजी ८ लाखांच्या आसपास. दोन हजार काढले तर दोन वर्षं वाढली. माझ्या हिशोबाने तोटा आहे, पण मधे पगारवाढ झाली की भरून काढा.

फेडून झाल्यावर कागद लगेच मागा. मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि उशीर झाला तर दिवसाला ५ हजार, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. ईसीवरची (मालमत्तेवरच्या बोज्याच्या दाखल्यावरची) गहाणाची नोंदही सब-रजिस्ट्रारकडे रद्द करून घ्या, ती आपोआप जात नाही.

निपाणकर
पंधरा वर्षांनी फरशी. तोवर कोबा तीनदा उखणेल, लिहून ठेवा. ओट्याचं माप पाठवा, कडप्पा कुठे चांगला मिळतो ते सांगतो.